एका हातात मावेल असं मशीन

हातिमभाईंनी तिसरं मशीन काउंटरवर आणून ठेवलं आणि रुमालाने मान पुसली.

"मिस्त्री, चौथं आता माझ्याकडे नाही. यातलं एक उचला, नाहीतर चहा पिऊन पनवेलला जा."

"चहा आधी मागवा," मी म्हणालो. "मशीनचं मग बघू."

हातिमभाई जुन्या हत्यारांचे व्यापारी. मुंबईत नागदेवीच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. साठ सालानंतरचे ते दिवस. बाहेरचं नवं मशीन परवान्याशिवाय मिळत नसे. त्यामुळे मोठ्या फर्निचरवाल्यांनी काढून टाकलेला आणि गोदीतून आलेला माल शोधत आमच्यासारखे लोक तिथे फिरत. मी पनवेलला घरीच गिटार बनवत असे. त्या कामासाठी मला लहान राऊटर हवा होता. राऊटर म्हणजे विजेवर गरगर फिरणारं पातं. लाकडात खाच पाडायची, कडा कापायच्या, ही त्याची कामं. त्याचा छोटा भाऊ म्हणजे ट्रिमर. टेबलावर चिकटवलेल्या लॅमिनेटच्या कडा साफ करायला फर्निचरवाले तो वापरत. गिटारसाठी तो कोणी वापरत असेल असं हातिमभाईंना वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.

पहिलं मशीन दोन मुठींचं होतं. दारं-खिडक्यांना चांगलं. ते उचलल्यावर माझा खांदा उतरला. गिटारच्या बॉडीचं लाकूड पातळ असतं, त्यावर हे धूड ठेवलं तर बॉडीच बसली असती. दुसरं अमेरिकन. दिसायला देखणं, पण ते त्यांच्याकडच्या कमी व्होल्टेजचं. म्हणजे सोबत ट्रान्सफॉर्मर घ्या आणि तोही सांभाळा. शिवाय स्विच अशा जागी की चालू करायला एक हात आणि धरायला दुसरा.

"मग ह्याच्यात वाईट काय?" हातिमभाईंनी विचारलं. "माणसाला दोन हात असतातच ना?"

"दुसऱ्या हाताने मला बॉडी धरायची आहे."

"बॉडी धरायला माणूस ठेवा."

मी चहा प्यायलो. त्यांना काय सांगणार? सगळी अडचण त्या धरणाऱ्या माणसाचीच होती.

ही अडचण थोडी समजावून सांगायला हवी. तेव्हा हवाईयन गिटारचा जोर होता. ती मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवर स्टीलची दांडी फिरवून वाजवतात. मुंबईत तिचे क्लास निघाले होते. त्यातला एक क्लास मिरांडांचा. त्यांचं वाद्यांचं दुकानही होतं आणि माझ्या बहुतेक गिटार तेच घेत. मिरांडांचा एकच आग्रह असे. गिटारच्या पुढच्या आणि मागच्या कडेला चारी बाजूंनी पांढऱ्या सेल्युलॉइडची बॉर्डर पाहिजे. लोकांना वाटतं ही नुसती शोभा. तसं नाही. पुढची फळी आणि बाजूची पट्टी जिथे जुळते तो सांधा बॉर्डरने झाकला जातो. पनवेलच्या खाऱ्या हवेत उघडा सांधा फार दिवस टिकत नाही.

बॉर्डर बसवायची तर कडेला बारीक खाच पाडावी लागते. सगळीकडे सारख्या खोलीची आणि सारख्या रुंदीची. मी ती हाताने कापत असे, पातं लावलेल्या गेजने, म्हणजे कडेपासून ठरलेलं माप धरून चालणाऱ्या हत्याराने. पण गिटारची बॉडी आतून पोकळ, बाहेरून वळणावळणाची. शिकंज्यात आवळली तर चिरते, सैल ठेवली तर सरकते. ती माणसानेच धरायची. पाटावर बसून, मांडीवर घेऊन, पोटाशी टेकवून, आणि पातं पुढे जाईल तशी हळूहळू वळवत न्यायची. कापणारा रेघेकडे बघतो. धरणारा पात्याकडे बघतो. धरणाऱ्याने घाई केली की खाच गेली, आणि जरा कंटाळा केला तरी गेली.

माझ्याकडे हे काम आक्का करत असे.

आक्का माझी थोरली बहीण. उरणजवळ करंजाच्या कोळीवाड्यात दिलेली. मेव्हणे गेल्यावर ती माझ्याकडे आली ती राहिलीच. माझं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही असं लोक विचारत, आणि मला कधी धड कारण सापडलं नाही. ती पहिल्यांदा बॉडी धरायला बसली तेव्हा म्हणाली होती, "पोर धरावा तसा धरायचा ना? मंग येतंय मना." आणि खरंच आलं. आमच्या घरात फार बोलणं नसे. सकाळी खाच कापायला बसलो की तासन्‌तास "थांब" आणि "चल" एवढेच दोन शब्द. मला त्यात एकटं वाटत नसे. आता मागे वळून बघताना वाटतं, मी सगळ्यात जास्त बोललो असेन तर त्या दोन शब्दांतच.

आणि आता आक्काला करंजाला जायचं होतं. तिचा मुलगा नामा मासेमारीच्या मचव्यावर असायचा, दिवसचे दिवस समुद्रावर. आधीच्या खेपेला तो बाहेर असताना सुनेचं पोट पडलं होतं. घरात बाईमाणूस कोणी नव्हतं. आता ती पुन्हा पोटुशी होती आणि दिवस भरत आले होते. नामाने निरोप पाठवला होता. आक्काने तो ऐकून घेतला. मग म्हणाली, "मिरांडाचा काम अर्धा हाय. कडेचा काम कोन करील? तुजी सोय झाली का जाईन."

"तू जा. मी बघतो काहीतरी."

"काय बघतस? त्या गणपा सुताराला बसवलास तवा काय झाला?"

गणपाला मी एकदा बसवलं होतं. त्याने दारासारखी बॉडी दाबून धरली आणि बाजूची पट्टी कडकन चिरली. मिरांडांचा क्लास दिवाळीनंतर सुरू व्हायचा होता. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की वेळेवर गिटार आल्या नाहीत तर ते दुसरीकडून घेतील आणि मग पुढेही तिथूनच. तसं झालं तर मला पुन्हा मुंबईच्या कारखान्यात जाऊन दुसऱ्याच्या हाताखाली हार्मोनियमच्या पेट्या ठोकाव्या लागल्या असत्या. हे आक्काला माहीत होतं. म्हणून ती जात नव्हती. आणि सून तिकडे एकटी होती. म्हणून मी नागदेवीला आलो होतो.

तिसरं मशीन म्हणजे ट्रिमर. जाड बांबूच्या कांड्याएवढं. एका हातात मावत होतं, स्विच अंगठ्याखाली येत होता. खालचा बेस, म्हणजे मशीन ज्याच्यावर टेकून सरकतं ती चकती, तोही लहान होता. मी पिशवीतून मोडलेल्या गिटारची पुढची फळी काढली, बाजूची पट्टी तिला अजून चिकटलेली होती. हातिमभाईंनी वायर जोडून दिली. कडेने मशीन फिरवलं. जिथे मला अर्धी सकाळ लागायची तिथे बघता बघता खाच तयार झाली. जरा जळक्या वासाची, पण सरळ.

"काय?" हातिमभाई हसले.

"लाकूड जाळतंय."

"फर्निचरवाले तक्रार करत नाहीत."

"त्यांचं लाकूड वाजत नाही."

बिटच्या, म्हणजे मशीनमध्ये बसवायच्या पात्याच्या, टोकाला एक गुळगुळीत दांडी असते. ती बाजूच्या पट्टीला घासत जाते आणि पातं त्या मापानेच कापतं. दांडीही पात्याबरोबर गरगर फिरते, म्हणून लाकूड जळतं. मेण लावलं तर भागेल असा मी हिशेब केला. हातिमभाई म्हणाले, "मोटर जाळली नाहीत तर आठवड्यात परत घेईन. तुमचा चेहरा बघून मलाच भरवसा वाटत नाही." मी मशीन घेतलं आणि एस.टी. पकडली.

पिशवी मांडीवर होती. वजनाला काहीच नाही. माझ्या मनात काय होतं ते सरळ लिहितो. हे मशीन चालू नये असं मला वाटत होतं.

घरी आल्यावर आक्काने ते उलटसुलट करून पाहिलं.

"एवढासाच?"

"एवढंच पुरतं म्हणे."

"बरा झाला," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, व्होल्टेज बरं असताना, मी एका जुन्या बॉडीवर सुरुवात केली. गोणपाटात भाताचा कोंडा भरून गादी केली होती, बॉडी त्यात रुतून बसली. डाव्या हाताने बॉडी धरली, उजव्या हातात मशीन. पुढची बाजू झकास झाली. मेणामुळे जळलंही नाही. मग बॉडी उलटवून पाठ घेतली आणि तिथे माझी फजिती झाली.

दुकानात मी पुढची फळी नेली होती, आणि ती सपाट असते. माझ्या गिटारची पाठ मात्र किंचित फुगीर. मुद्दामच तशी करतो, आवाज भरदार येतो. हे रोज हाताने करणाऱ्या माणसाला मशीन निवडताना आठवलं नाही. पाठीवर ठेवल्यावर बेस त्या फुगवट्यावर टेकला आणि मशीन बाहेर कललं. खाच एका ठिकाणी खोल, एका ठिकाणी उथळ. कमरेशी, म्हणजे गिटार जिथे आत वळते तिथे, लाकडाचे रेषे उलटे लागले आणि बोटभर ढलपी उडाली.

मी मशीन बंद केलं. त्याचा आवाज फार मोठा. बंद केल्यावर घर एकदम सुनं झालं.

आक्का दारात उभी होती. तिने ढलपी उचलून बघितली.

"नाय जमत ना?"

"पाठीवर नाही जमत."

"मंग दे परत त्याचा त्याला." हे बोलताना तिच्या आवाजात जो हलकेपणा होता तो मला ऐकू आला. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं होतं. "मी हाय ना. मिरांडाचा काम उरकू, मंग जाईन."

"मग उशीर होईल."

"व्हईल तर व्हईल. चंद्रीची आय येईल दोन दिस."

चंद्री म्हणजे सून. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याच दुपारी मिरांडा आले. अलिबागला कुणाकडे जाताना वाटेत गाडी थांबवून माल बघायची त्यांना सवय होती. बिघडलेली पाठ त्यांनी बघितली.

"हे काय रे सदाशिव? हाताने एवढं फर्स्ट क्लास करतोस तू. मशीनचं फॅड कशाला?"

"बहीण गावी जाणार आहे."

"जाऊ दे ना दिवाळीनंतर. महिना-दीड महिन्याने काय बिघडतं?" मग आक्काकडे वळून, "काय बाई, खरं की नाही?"

आक्का हसली. पाहुण्यासमोर हसायचं म्हणून हसली. "तुमी म्हनता तसा," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

मिरांडा गेल्यावर मी मशीन खोक्यात घातलं. दोरीही बांधली. परत द्यायला कारण होतं, मुदत होती, गिऱ्हाईकाची संमती होती. सगळं माझ्या बाजूने होतं. आक्का मागच्या दारी तांदूळ निवडत बसली होती. सुपात हात तसाच थांबलेला. ती बघत होती त्या दिशेला करंजा नाही, पण मनाने ती करंजाकडेच बघत होती. मी बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिलो. तिला कळलंही नाही.

मी दोरी सोडली.

उपाय अवघड नव्हता. खरं सांगायचं तर ढलपी उडाली त्याच क्षणी तो मला सुचला होता, मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो एवढंच. मशीन फुगवट्यावर टेकत होतं, तर त्याला टेकायला फुगवटा द्यायचाच नाही. शिसवाच्या तुकड्यातून एक बारीक कडी काढली आणि बेसखाली अगदी बिटाभोवती चिकटवली. आता मशीन कडेवर, कडीपुरतंच टेकणार, बाकीचा बेस अधांतरी. ते कलू नये म्हणून बाजूला एक उभी लाकडी पट्टी बसवली. ती गिटारच्या बाजूला चिकटून सरकते आणि मशीनला उभं धरते. राहिला ढलपीचा प्रश्न. गिटार एका दमात गोल फिरून कापायची नाही. तिचे चार भाग धरायचे. प्रत्येक भागात रुंद जागेकडून अरुंद जागेकडे जायचं, म्हणजे पातं रेषांवरून घसरत जातं, रेषे उचलत नाही. हाताने कापताना मी हेच करत होतो. फक्त तेव्हा बॉडी वळवायचं काम माझं नव्हतं, म्हणून ते माझ्या लक्षातही नव्हतं.

आधी एका टाकाऊ पाठीवर करून बघितलं. मग मिरांडांच्या मालातली एक बॉडी घेतली आणि आक्काला हाक मारली.

ती आली. पदर खोचला, पाट ओढला, बसली आणि बॉडी घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"नको," मी म्हणालो. "तू नुसतं बघ."

तिचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग तिने ते आपल्या गुडघ्यांवर ठेवले.

मी बॉडी कोंड्याच्या गादीवर ठेवली आणि मशीन चालू केलं. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. पहिला भाग झाला, बॉडी मीच वळवली. दुसरा झाला, पुन्हा मीच वळवली. कमरेच्या वळणावर आल्यावर मी सवयीने वर बघितलं. आक्काचे ओठ हलले. "थांब" म्हणाली असेल. मला ऐकू आलं नाही. मशीन न थांबता वळणावरून पुढे गेलं आणि काहीही उडालं नाही.

बंद केल्यावर आक्का पुढे सरकली. अंगठ्याचं नख खाचेत घालून तिने ते पूर्ण कडेने फिरवलं. असं ती नेहमीच करी. कुठे खडबड लागली की तिथे नख थांबायचं. आज कुठेच थांबलं नाही. तिने आणखी एकदा फिरवलं.

"चांगला झाला," ती म्हणाली. "माज्यापरीस चांगला."

"तुझ्याइतकंच."

"नाय. चांगला हाय." मग बॉडी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मंग मी जाव?"

मला "थांब" म्हणायचं होतं. त्या घरात हा शब्द आम्ही इतक्यांदा वापरला होता की तो तोंडात तयारच होता. मी म्हणालो, "जा. उद्याची उरणची गाडी पकड."

ती सकाळच्या गाडीने गेली. बोचकं एवढंसं. निघताना कोंड्याच्या गोणपाटाची शिवण उसवली होती ती दाताने दोरा तोडून शिवून गेली. स्टँडवर म्हणाली, "येलेवर जेव." मी हो म्हणालो. घरी येऊन दुपारपर्यंत मशीन चालवलं. त्याचा आवाज असेपर्यंत बरं चाललं होतं.

नामाच्या घरी मुलगी झाली. नामा तेव्हाही समुद्रावरच होता, पण आक्का होती. बाळंतपण अवघड गेलं म्हणे, सुईणीच्या जोडीला रात्रभर आक्काच बसली होती. सून वाचली, पोर वाचली. निरोप घेऊन आलेला माणूस मला एवढंच सांगून सुकट देऊन गेला. मी ती भाजायला घेतली आणि माझ्या लक्षात आलं की मी दोघांपुरती काढली आहे.

आक्का परत आली नाही. म्हणजे सणावाराला यायची, पण राहायला नाही. पोरीपाठोपाठ मुलगा झाला, मग तिथलं घर तिच्याशिवाय चालेना. मीही कधी बोलावलं नाही. कशासाठी बोलावणार? काम अडत नव्हतं.

मिरांडांच्या गिटार वेळेआधी तयार झाल्या. त्यांनी कडेवरून हात फिरवला, चष्मा वर करून बॉर्डर बघितली.

"हे मशीनवर?"

"मशीनवर."

"सगळं एकट्याने केलंस?"

"एकट्यानेच."

"वा! ग्रेट!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतरची बरीच वर्षं माझा सगळा माल त्यांच्याकडेच गेला. कारखान्यात परत जायची वेळ आली नाही. त्या ट्रिमरच्या मोटरमधले झिजणारे कार्बनचे ब्रश मी कितीदा बदलले याची गणती नाही, पण मोटर कधी जळली नाही. हातिमभाई दर खेपेला विचारत, "परत करणार होतात ना?" मी म्हणत असे, "मुदत गेली."

आता मी काम करत नाही. बोटं साथ देत नाहीत. पण गिटार करू बघणारी नवी मुलं अधूनमधून येतात आणि कोणता ट्रिमर घ्यावा म्हणून विचारतात. मी सांगतो, वजनाला हलका बघा. बेस लहान बघा, आणि तपासायला पुढची फळी नेऊ नका, पाठ न्या. स्विच अंगठ्याखाली आला पाहिजे. आणि घरात बॉडी धरायला कोणी बसत असेल, तर अजून थोडे दिवस घेऊ नका.